पोळा श्रावणात की भाद्रपदात? शाळेतला विकी आणि एका पानावरचा वाद

भिलाई-३ मधल्या एखाद्या शाळेतला आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. रायपूर-दुर्ग लोहमार्गावरचे हे गाव आज भिलाई-चरोदा नगर निगमाच्या हद्दीत येते. जवळच मालगाड्यांचे विस्तीर्ण यार्ड आणि विद्युत इंजिनांची शेड, थोड्या अंतरावर पोलाद कारखाना आणि त्याची वसाहत, आणि या सगळ्याच्या मधूनमधून धान पिकवणारी, तरिये राखून असलेली जुनी गावे. तरिया म्हणजे छत्तीसगढी बोलीतले तळे. रेल्वेने आणि कारखान्याने देशभरातून माणसे आणली, त्यामुळे एका बाकावर छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, ओडिया, मराठी अशा घरांतली मुले बसतात. या वर्गाला पोळ्यावर मिळून एक पान लिहायला सांगितले, तर पहिल्याच ओळीवर गाडी अडेल. छत्तीसगढी घरातला मुलगा लिहील, की पोरा, म्हणजे पोळा, भाद्रपद अमावास्येला येतो. मराठी घरातली मुलगी ते खोडून ‘श्रावण अमावास्या’ असे लिहील. दोघेही घरी विचारून आलेले, दोघांच्याही भिंतीवर दिनदर्शिका आहे, आणि मातीचे बैल दोन्ही घरांत पुजले जातात ते एकाच दिवशी. छत्तीसगढात, उत्तर भारताप्रमाणे, महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच राहते, कृष्ण पक्षाचे मात्र एका महिन्याने वेगळे पडते. म्हणून छत्तीसगढची भाद्रपद अमावास्या हीच महाराष्ट्राची श्रावण अमावास्या असते. त्याच पानावर पुढे तीजचा उल्लेख आला, तर तेथे भांडण होणार नाही. भाद्रपद शुक्ल तृतीया, म्हणजे आपली हरतालिका, दोन्ही पंचांगांत भाद्रपदातच येते. एका तिथीवर वाद आणि तिच्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी येणाऱ्या तिथीवर एकमत, हे कोडे मुलांनी स्वतः सोडवले तर पंचांगाचा अख्खा धडा त्यांना आपोआप कळतो.

याच मुलांनी पोळ्यावरचा निबंध वहीत लिहिला असता, तर हा वाद झालाच नसता. एकाने भाद्रपद लिहिले असते, दुसरीने श्रावण, आणि शिक्षकांनी पाठ्यपुस्तकात असेल त्याला बरोबरची खूण केली असती. दोन वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. विकीच्या पानावर त्यांना भेटावेच लागते, आणि शाळेत विकी का वापरावा याचे माझ्या मते हे एकच भक्कम कारण आहे. मुले संगणक शिकतात, एकत्र काम करायला शिकतात, लेखन सुधारते अशी कारणे नेहमी दिली जातात. ती खोटी नाहीत, पण विकीवाचूनही ती साधता येतात. ज्या दोघांना एकच गोष्ट वेगवेगळी माहीत आहे त्यांना एकाच वाक्यावर येऊन, पुरावा दाखवून, ते वाक्य दोघांनाही मान्य होईल असे घडवायला लावणे, आणि त्या घडणीची प्रत्येक पायरी जपून ठेवणे, हे मात्र वही, फळा किंवा व्हॉट्सअॅपचा गट यांपैकी कोणालाही नीट जमत नाही.

विकीची कल्पना मुळात साधी आहे. अमेरिकेतले प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. प्रोग्रॅमर मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत आणि एकमेकांचे लिखाण थेट दुरुस्त करावे, एवढाच त्याचा हेतू होता. नाव घेतले ते होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईयन भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. पुढे १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. छत्तीसगढ राज्य त्याच्या आधी अवघे अडीच महिने, १ नोव्हेंबर २००० रोजी, अस्तित्वात आले होते. मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ ची. विकी म्हटले की लोकांना विकिपीडियाच आठवतो, पण ते या साधनाचे एक रूप झाले. शाळेच्या कामाचे आहेत ते त्याच्या पानाचे तीन थर. वर दिसणारा मजकूर हा पहिला थर. त्याच्या मागे पानाचा इतिहास असतो, म्हणजे कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची ओळीने नोंद. त्यातली कोणतीही जुनी आवृत्ती परत आणता येते. तिसरा थर चर्चा पानाचा, जेथे बदलाचे कारण सांगायचे आणि मतभेद निकालात काढायचे.

मराठी विकिपीडियावर नव्या सदस्याला सरावासाठी जी जागा दिली जाते तिचे नाव ‘धूळपाटी’ आहे. ज्याने कोणी हे नाव सुचवले त्याला दाद द्यावीशी वाटते. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवत आणि हात फिरवून पुसत. चुकण्याची भीती नव्हती, कारण चूक टिकत नव्हती. विकीच्या धूळपाटीवरही चुकायला भीती नाही, पण कारण उलटे आहे: पुसलेलेही टिकते, आणि त्यामुळे काहीच कायमचे बिघडत नाही. कोणी खोडसाळपणे अख्खे पान रिकामे केले, तरी मागची आवृत्ती परत आणायला काही सेकंद पुरतात. शिक्षकांना सर्वांत आधी धास्ती वाटते ती अशा खोडसाळपणाची. वर्गातल्या ३५-४० मुलांच्या बंदिस्त विकीवर प्रत्येक बदलापुढे नाव उमटते, त्यामुळे ही धास्ती पहिल्या आठवड्यातच ओसरावी. खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती विकीच्या समर्थकांनी मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

ती अडचण अशी, की शाळांत विकी सुरू पुष्कळ होतात, पण त्यांवर मिळून लिहिले जवळजवळ काहीच जात नाही. जस्टिन राइश, रिचर्ड मर्नेन आणि जॉन विलेट या संशोधकांनी अमेरिकेतल्या शालेय विकींचा अभ्यास करून २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे १ लाख ८० हजार विकींमधून त्यांनी प्रातिनिधिक नमुना निवडला होता. त्यांना आढळले, की ४० टक्के विकी नुसते करून पाहिलेले होते किंवा शिक्षकांनी आपसांत साहित्य देण्याघेण्यापुरते काढलेले होते. ३४ टक्क्यांवर शिक्षक मुलांसाठी मजकूर ठेवत होते, म्हणजे तो फळ्याचाच नवा अवतार झाला. २५ टक्क्यांवर मुलांची वैयक्तिक कामे होती, म्हणजे वह्यांचा गठ्ठा. मुलांनी खरोखर मिळून काही घडवले असे विकी उरले १ टक्का. शिवाय गरीब वस्तीतल्या शाळांचे विकी लवकर बंद पडत होते, आणि त्यांवर मुलांना विचारपूर्वक काही करायची संधीही कमी होती. हे आकडे अमेरिकेतले आहेत. त्या शाळांत संगणक होते, इंटरनेट होते, आणि विकीची सेवा फुकट मिळत होती. तरीही हा निकाल लागला, याचा अर्थ साधनांची उणीव भरून काढली की सहकार्य आपोआप सुरू होते हे गृहीतकच चुकीचे आहे. ‘आपल्याकडे यंत्रसामग्री आली की बघू’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘यंत्रसामग्री द्या, मुले आपोआप शिकतील’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे आकडे नजरेसमोर ठेवावेत.

मग त्या १ टक्क्यात काय वेगळे असते? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला विकीच्या जन्माआधीच्या एका पुस्तकात सापडते. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियाना या वाडीत लोरेन्झो मिलानी नावाचे धर्मगुरू शाळा चालवत. त्या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पत्र लिहिले, ते १९६७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मराठी वाचक ते ‘प्रिय बाई’ या नावाने ओळखतात. ते लिहिण्याची पद्धत मुलांनी त्यातच सांगितली आहे. प्रत्येकाने खिशात टिपणवही बाळगायची, सुचेल तो मुद्दा स्वतंत्र कागदावर लिहायचा. मग एके दिवशी सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे, सारखे असतील ते बाजूला काढायचे, एकमेकांशी नाते सांगणाऱ्या कागदांच्या चळती लावायच्या. चळतींची प्रकरणे झाली. मग एकेक वाक्य मोठ्याने वाचून फालतू शब्द गाळायचे, जड शब्दाऐवजी सोपा शब्द शोधायचा, बाहेरच्या माणसांना वाचून दाखवायचे आणि ते कोठे अडखळतात ते पाहायचे. कागदांच्या जागी पाने आणि टेबलाच्या जागी पडदा ठेवला, की हा विकीच झाला. ही पद्धत चालली याची कारणे दोन होती. मुलांजवळ असे काही होते जे शिक्षिकेला माहीत नव्हते, ते म्हणजे नापास होऊन शाळेबाहेर पडणाऱ्या गरीब मुलांचे जगणे. आणि वाचणारी व्यक्ती खरी होती, गुण देण्यासाठी नेमलेली नव्हती. शाळेत मुले जे लिहितात त्यातले बहुतेक सगळे शिक्षकांना आधीच माहीत असते. अशा लिखाणात मुलाला दुसऱ्या मुलाची गरजच काय? प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या चौघांनी मिळून लिहिली काय आणि एकट्याने लिहिली काय, ती पुस्तकातूनच येणार.

महाराष्ट्रात याचा कडू अनुभव घेऊन झाला आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत प्रायोगिक शिक्षण कार्यक्रम राबवला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, अशी योजना होती. विद्यार्थ्यांची संख्या शेकड्यांत गेली, त्यांना वाट दाखवणारे अनुभवी संपादक मात्र थोडे. पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर इतक्या प्रमाणात येऊ लागला, की जगभरच्या स्वयंसेवकांना तो शोधून काढण्यासाठी स्वतंत्र मोहीम उघडावी लागली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रयोग आवरता घ्यावा लागला. त्या विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. पण बालवाडीपासून ‘उत्तर पुस्तकात जसे आहे तसे लिही’ असे शिकवलेल्या मुलांकडून अठराव्या वर्षी आपण अचानक स्वतःच्या शब्दांची अपेक्षा केली, तीही परक्या भाषेत, जगाच्या चव्हाट्यावर, धूळपाटीवर पुरेसा हात न फिरवता. यातून ‘विद्यार्थ्यांना विकी देऊ नये’ असा अर्थ काढणे मला मान्य नाही. विकीची सवय शाळेत, स्वतःच्या भाषेत, बंद दाराआड आणि छोट्या गटात लागली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. विषयही पुस्तकात तयार न मिळणारा हवा.

हे केरळात बऱ्याच प्रमाणात घडले आहे. तेथल्या शासनाच्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पाने, म्हणजे आजच्या ‘काइट’ने, २००९ मध्ये ‘स्कूलविकी’ सुरू केला. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तीच येथे वापरली, आणि भाषा ठेवली मल्याळम. के. शबरीश या शिक्षक-प्रशिक्षकांचा त्यामागे मोठा वाटा होता. उत्तम शालेय विकीला आज त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. सुमारे १५ हजार शाळांना त्यावर आपापले पान आहे. शाळेचा इतिहास तर त्यावर असतोच, पण ‘माझे गाव’ आणि गावच्या लोकज्ञानाची नोंद अशी पोटपानेही असतात, आणि या उपक्रमाचा सर्वांत सकस भाग मला तोच वाटतो. २०२० च्या टाळेबंदीत ‘अक्षरवृक्षम्’ या नावाने मुलांच्या कथा, कविता, लेख मागवले गेले आणि हजारोंनी साहित्य जमा झाले. घरात अडकलेल्या मुलांना छापलेले आपले नाव पाहायला मिळाले, ही मोलाचीच गोष्ट. तरी नेमके पाहायचे तर एकेकट्याने लिहिलेली कविता विकीवर ठेवली म्हणून ती सहलेखन होत नाही. गावाच्या पानाचे तसे नाही. एकाने ओढ्याचे नाव लिहावे, दुसऱ्याने ‘आमच्याकडे त्याला वेगळे म्हणतात’ अशी भर घालावी, तिसऱ्याने आजीला विचारून दोन्ही नावे कोठून आली ते लिहावे, हे तेथेच घडू शकते.

भिलाई-३ या दृष्टीने श्रीमंत आहे. पोलाद कारखान्याबद्दलचा २ फेब्रुवारी १९५५ चा सोव्हिएत संघाशी झालेला करार आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन, हे कोणत्याही पुस्तकात मिळते. कारखाना उभा राहिला तेव्हा कोणत्या गावांची शेते गेली, ती कुटुंबे कोठे वसली, यार्डात पहिल्या पिढीतले कोणते काम आज यंत्र करते, कोणता तरिया बुजवून त्यावर घरे उठली, हे मात्र घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांपाशी आहे, आणि त्यांच्याबरोबर ते जाणार आहे. शेजारच्या देवबलोद्याचे शिवमंदिर घ्यावे. कलचुरी काळातले हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, त्याला लागून कुंड आहे, आणि महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते. त्याला शिखर नाही, ते अपुरे का राहिले याच्या कथा पंचक्रोशीत सांगतात, आणि घरागणिक त्या बदलतात. या मंदिराचे पान चार मुलांनी लिहायला घेतले, तर त्यांना तीन प्रकारची वाक्ये वेगळी करावी लागतील: आम्ही मोजून पाहिले, फलकावर लिहिले आहे, लोक सांगतात. मराठी विकिपीडियावर आधार नसलेल्या विधानापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावतात. तीच खूण आठवीतल्या मुलीने मित्राच्या वाक्यापुढे लावली, आणि मित्राने चिडण्याऐवजी सायकल काढून फलक वाचून येणे पसंत केले, तर इतिहासाच्या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड धडा तेथे झाला. दंतकथा खोडायची नाही, तिला ‘लोक सांगतात’ या खान्यात मानाने बसवायचे, हेही त्यातच आले.

या प्रदेशाला असे काही अगदी नवे आहे असेही नाही. छत्तीसगढ मध्य प्रदेशात होते त्या काळात, १९७२ मध्ये, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि वाढत वाढत पुष्कळ जिल्ह्यांत पोहोचला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. त्यात चार-चार मुलांच्या टोळ्या करून प्रयोग करायचे, प्रत्येक टोळीने आपली निरीक्षणे फळ्यावर मांडायची, आणि आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत यावर वर्गाने बोलायचे, अशी रीत होती. फळा पुसला की ती चर्चा संपे. विकीत ती पुढच्या तुकडीसाठीही राहते.

आता एक गंभीर आक्षेप. गटात एक जण राबतो आणि बाकीचे नावे लावतात, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून हे मोजले होते, १९१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले: आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या सुमारे निम्म्यावर येतो. पण या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. १९८१ मध्ये विल्यम्स, हार्किन्स आणि लाटाने यांनी गटाने ओरडण्याच्या प्रयोगांतून दाखवले, की प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे ओळखता येतो आहे असे माणसांना कळले, की हा अळमटळम थांबतो. पानाचा इतिहास नेमके हेच करतो. म्हणून गुण देताना शिक्षकांनी तयार पानाऐवजी त्याचा इतिहास आणि चर्चा पान वाचावे, असा माझा आग्रह आहे. तेथेही सांभाळून पाहिले पाहिजे. बदलांची संख्या मोजली, तर मुले स्वल्पविराम हलवून संख्या वाढवतील. तीस वेळा शब्द इकडेतिकडे करणाऱ्यापेक्षा एकदाच ‘ही तारीख चुकते आहे, कारण’ म्हणून पुरावा आणणारी मुलगी मोठी आहे. आणि जो मुलगा टंकलेखनात मागे आहे, पण आजोबांकडून तासभर माहिती काढून आणतो, त्याचे काम इतिहासात दिसतच नाही. त्यासाठी लिहिणाऱ्याने प्रत्येक बदलाच्या सारांशात माहिती कोणी आणली ते नोंदवायचे, आणि लिहिणारा, विचारून आणणारा, पडताळणारा या भूमिका आठवड्याने फिरवायच्या.

नकलेचा आक्षेप आता आणखी धारदार झाला आहे. मजकूर उचलायचीही गरज उरलेली नाही. यंत्राला सांगितले की ते पोळ्यावर चार सफाईदार परिच्छेद लिहून देते. इतिहासात एका फटक्यात आलेला मोठा मजकूर दिसतो, पण तो कोठून आला हे दिसत नाही, एवढे प्रामाणिकपणे कबूल करावे. यावरचा इलाज पकडापकडीत शोधण्यापेक्षा प्रश्न बदलण्यात आहे. ‘पोळा या सणावर लिहा’ याचे उत्तर यंत्र देईल. ‘आपल्या मोहल्ल्यात मातीचे बैल कोण घडवते, माती कोठून आणते, यंदा जोडीला काय भाव पडला’ याचे उत्तर कुंभाराच्या अंगणात उभे राहूनच मिळते. वर्गातल्या दुसऱ्या मुलाने तेच विचारून वेगळा भाव आणला, की पडताळणीही तेथल्या तेथे होते.

साधनांबद्दल जो बाऊ केला जातो तेवढे ते प्रकरण अवघड नाही. विकीला इंटरनेट लागतेच असे नाही. २००४ मध्ये आलेला डोकुविकी साध्या मजकूर-फायलींवर चालतो, त्याला वेगळा डेटाबेसही लागत नाही. शाळेच्या संगणककक्षातला एक जुना संगणक सर्व्हर म्हणून ठेवला आणि बाकीचे त्याला तारेने किंवा राउटरने जोडले, की शाळेपुरता विकी उभा राहतो. देवनागरीसाठी युनिकोडचा कळफलक बसवला की झाले. काम घरच्या मोबाइलवर मात्र सोपवू नये. ज्या घरात एकच फोन आहे तेथे तो बहुधा वडिलांच्या खिशात किंवा भावाच्या हातात असतो, आणि मग पानाच्या इतिहासातून मुलींची नावे हळूहळू गळू लागतात. आठवड्यातले दोन तास, शाळेच्या वेळात, चौघांत एक संगणक. चौघांनी एका पडद्यासमोर बसून वाक्यावर हुज्जत घालणे हे तर विकीचे अर्धे काम आहे.

मुलांची ओळख हा मात्र तडजोडीचा विषय नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. शाळेचा विकी शाळेच्या भिंतींच्या आतच ठेवला, सदस्यनावे टोपण ठेवली, चेहऱ्यांची छायाचित्रे टाळली, तर धोका मुळातच कमी होतो. बाहेरच्यांसाठी वर्षाअखेर निवडक पाने छापून वाचनालयात ठेवता येतील.

शिक्षकांच्या वेळेचा प्रश्न मला सर्वांत खरा वाटतो. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, परीक्षा असतात, त्यात शासकीय कामांचा बोजा. त्यांना आणखी एक उपक्रम म्हणून विकी दिला, तर तो त्या ४० टक्क्यांत जाऊन पडेल. एका सत्रात, एका विषयात, चौघांच्या गटाला एक पान, एवढेच हाती घ्यावे. आणि जो प्रकल्प मुले तसाही करणार आहेत, ज्यासाठी आज तयार तक्ते बाजारातून विकत आणले जातात, त्याच्या जागी घ्यावे. भाषेबद्दलही कर्मठपणा नको. छत्तीसगढीला २००७ पासून राजभाषेचा दर्जा आहे, शाळेची भाषा हिंदी किंवा इंग्रजी असते, आणि घरची आणखी वेगळी. पान हिंदीत असले तरी ‘तरिया’ हा शब्द तसाच राहावा, मराठी घरातल्या मुलीने तान्ह्या पोळ्याबद्दल लिहिताना ते नाव तसेच लिहावे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुले लाकडी बैल घेऊन निघतात हे समजावून सांगावे. याच भूमीवर, पेंड्र्याहून, मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले होते. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून दोघींचे काम करण्याची रीत येथे जुनी आहे.

पाने कोणाच्या ताब्यात राहतात, हेही आधी ठरवून घ्यावे. २००५ मध्ये सुरू झालेल्या विकिस्पेसेस या सेवेवर जगभरातल्या हजारो शिक्षकांनी वर्गांचे विकी उभारले. २००६ मध्ये ढाक्यातल्या आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या मुलांनी मिळून केलेला गाजलेला ‘फ्लॅट क्लासरूम’ प्रकल्पही तेथलाच. २०१८ मध्ये ती सेवा बंद झाली, आणि ज्यांनी वेळेत प्रत काढून घेतली नाही त्यांची पाने गेली. शाळेच्या संगणकावरच्या विकीची प्रत मात्र दरमहा एका पेनड्राइव्हवर निघते. ती जपायची ती पुढच्या तुकडीसाठी, कारण तिचे पहिले काम नवे पान लिहिण्याचे नसावे, जुने तपासण्याचे असावे. पोळ्याच्याच पानावर समजा एका वर्षीच्या मुलांनी लिहून ठेवले, की हरेली या छत्तीसगढी सणानंतर बरोबर एका महिन्याने पोरा येतो. २०२४ ची दिनदर्शिका पाहिली तर ते खरे ठरते: हरेली ४ ऑगस्टला, पोळा २ सप्टेंबरला. नव्या तुकडीतल्या एखादीने २०२३ ची जुनी दिनदर्शिका शोधून काढली, तर तिला दिसेल, की त्या वर्षी हरेली १७ जुलैला होती आणि पोळा थेट १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक श्रावण आला होता. मग ती त्या वाक्यातला ‘बरोबर’ हा शब्द काढेल, ‘अधिक मास नसेल तर’ असे जोडेल, आणि बदलाच्या सारांशात दिनदर्शिकेचे साल लिहील.